मान कुणाचा, धन कुणाचे?

कलावंताला पैसे देण्यासाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके बहुधा दुसऱ्या कोणत्याही कष्टकऱ्याला पैसे देण्यासाठी नसतील. गवंड्याला मजुरी मिळते, कारकुनाला पगार मिळतो, वकिलाला फी मिळते आणि विषय तिथेच संपतो. गवयाला मात्र बिदागी मिळते, तमाशाच्या फडाला सुपारी मिळते, फडातल्या नर्तकीला उचल मिळते, रंगभूमीवरील नटाला नाइट मिळते. आणि देणाऱ्याच्या मनात फारसे काही द्यायचे नसते तेव्हा मानधन मिळते. या शेवटच्या शब्दाशी आमचे भांडण आहे.

'मानासाठी दिलेले धन' असा त्या समासाचा विग्रह व्याकरण करील. व्यवहारात मात्र 'धनाऐवजी दिलेला मान' एवढाच त्याचा अर्थ उरतो. शाल येते, श्रीफळ येते, व्यासपीठावरून दोन गोड वाक्ये येतात आणि शेवटी एक पाकीट हातात पडते. ते सर्वांदेखत उघडणे असभ्यपणाचे. म्हणून आपल्या कामाचे मोल किती झाले हे कलावंताला घरी पोहोचल्यावर कळते. आपली मजुरी घरी जाऊन कळावी ही अट कोणता गवंडी मान्य करील? कोणता वकील?

आम्हांला असे वाटते की, कलावंताने आपल्या कलेइतक्याच निष्ठेने तिचा व्यवहारही शिकला पाहिजे. किंमत कशी ठरवावी, करार कसा वाचावा, वही कशी ठेवावी, आपला हक्क कोणाला आणि किती काळ द्यावा, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. आणि त्याने हे शिकू नये यात ज्यांचा फायदा आहे, तीच मंडळी बहुधा त्याच्या निरिच्छतेची सर्वांत मोठ्याने स्तुती करीत असतात, असा आमचा अनुभव आहे.

महाडहून भोरमार्गे पुण्याकडे जाणारा रस्ता ज्याच्या बाजूने घाट चढू लागतो, ते वरंध गाव आणि त्याच्या आसपासच्या महाड-पोलादपूर तालुक्यांतील वाड्या यांचे उदाहरण घ्या. या डोंगरात कलावंत कमी नाहीत. गौरी-गणपतीत जाखडी नाचवणारे शाहीर आहेत, ढोलकीवाले आहेत, खालूबाज्यातले सनईवाले आहेत, भजनी बुवा आहेत, गणपती घडवणारे आहेत, दुकानांच्या पाट्या आणि देवळांच्या भिंती रंगवणारे आहेत. यांपैकी बहुतेकांचे पोट भातशेतीवर नाहीतर मुंबईतल्या नोकरीवर चालते, म्हणून कलेचा हिशेब ठेवलाच पाहिजे असे त्यांना वाटत नाही. गंमत अशी की, हाच माणूस शेतात उतरला की पक्का हिशेबी असतो. मळणी झाल्यावर किती मण भात झाले, बियाण्याला किती ठेवले, नांगराच्या बैलजोडीचे देणे किती फिटले, हे त्याला तोंडपाठ असते. गळ्यात ढोलकी अडकवली की मात्र त्याची ही बुद्धी कुठे जाते कोण जाणे!

शक्ती-तुऱ्याचा एक सामना मुंबईत करायचा म्हटला, तर काय काय लागते ते पाहा. शाहीर, त्याचे झीलकरी, ढोलकीवाला, दहाबारा नाचणारे, त्यांचे पोशाख आणि घुंगरू, महिनाभराच्या तालमी, गावाहून मुंबईपर्यंतची गाडी, दोन दिवसांचे जेवण आणि ज्यांनी रजा टाकली त्यांचा बुडालेला रोज. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ साली बंद होईपर्यंत नमन आणि जाखडी पाहण्याचे कोकणी चाकरमान्यांचे ते हक्काचे ठिकाण होते. तिथे तिकिटे खपत, कार्यक्रम भरत. नाट्यगृहाचे भाडे रोख मोजले जाई, ध्वनिक्षेपकवाला पैसे घेतल्यावाचून तारा जोडत नसे, तिकिटे छापणाऱ्याचे बिल चुकते होई. जे उरेल ते शाहिराचे. आमच्या परिचयातल्या एका शाहिराला आम्ही विचारले की, एका सामन्याला तुमचा एकूण खर्च किती होतो? ते हसून म्हणाले, "फादर, ते कोण मोजतो? नाद आहे!" नाद असावा, जरूर असावा. परंतु ध्वनिक्षेपकवाल्यालाही आपल्या कामाचा नाद असू शकतो. त्याचा नाद कुणी त्याच्या बिलातून वजा करीत नाही.

ही वृत्ती आली कोठून? पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींचे चरित्र 'शिवभारत' या नावाने संस्कृतात रचणारे हे कवी. त्यांचा ग्रंथ अपूर्ण राहिला, तरी आजही इतिहासकारांना तो सोडून पुढे जाता येत नाही. अशा कवीला हिशेबाची वही ठेवण्याचे कारण नव्हते. दरबार होता, राजा गुणज्ञ होता, योगक्षेमाची काळजी घेणारी एक व्यवस्था होती. त्या व्यवस्थेत मागणे अप्रशस्त, कारण देणाऱ्याने न मागता द्यावे हा तिचा धर्म होता. पुढे राजे गेले, संस्थाने गेली, आश्रय गेला. आश्रिताची अदब तेवढी मागे राहिली. आज कार्यक्रम ठरवायला येतो तो मंडळाचा सेक्रेटरी. त्याच्यापाशी ना खजिना, ना गुणज्ञता. पण त्याच्यासमोर आमचा कलावंत हात जोडून उभा राहतो तो मात्र दरबारी रीतीने.

त्याची फळे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली. बालगंधर्वांसारखा नट-गायक शतकातून एखादाच. १९१३ साली त्यांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. प्रेक्षक लोटत होते. उणीव होती ती आवकेशी जावक ताडून पाहण्याची. भरजरी वस्त्रे, अत्तरे, दौलतदारी इतमाम. भागीदार एकेक करून बाहेर पडले आणि कर्जाचे ओझे एकट्या नारायणरावांच्या खांद्यावर आले. त्यांनी त्या कर्जापासून तोंड फिरवले नाही, हे त्यांच्या थोरवीचे. परंतु मराठी रसिक ही कथा सांगताना 'केवढा दिलदार माणूस!' म्हणून डोळे पुसतो, तेव्हा आम्हांला राग येतो. त्या दिलदारपणाचा चटका उतारवयात कोणाला बसला? डोळे पुसणाऱ्याला तर नक्कीच नाही.

विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवाची संधी लाभली. २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरच्या आजारपणाचा खर्च लोकांच्या मदतीवर येऊन ठेपला होता. नंतर त्यांच्या नावाने शासनाचा पुरस्कार सुरू झाला. अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. ते स्वतः १९६९ साली गोरेगावच्या एका लहानशा घरात विपन्नावस्थेत वारले. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या ज्यांच्या ओठांवर होत्या, त्यांच्यापैकी कितीजणांना १९४५ सालातले त्यांचे अखेरचे दिवस ठाऊक होते? या मंडळींच्या जन्मशताब्द्या आपण थाटात करतो. शताब्दीच्या मंडपवाल्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

यावर एक उत्तर हमखास येते: कला ही साधना आहे, तिच्यात पैशाचे बोलणे आणू नये. आणि मग तुकोबांचा दाखला निघतो, त्यांनी नाही का खते इंद्रायणीत बुडवली? बुडवली खरी. पण ती खते होती लोकांकडून स्वतःला येणे असलेल्या कर्जाची. शिवाय बुडवण्यापूर्वी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्यांनी त्याच्या हाती दिला, असे परंपरा सांगते. म्हणजे विरक्तीच्या त्या थोर क्षणीही तुकोबांनी आधी वाटणी केली, नंतर आपला वाटा सोडला. दुसऱ्याच्या घामाचे पैसे बुडवण्याचा परवाना म्हणून ही कथा सांगणाऱ्यांनी ती पुन्हा एकदा नीट ऐकावी.

साधनेच्या गोष्टी आम्हांला कुणी शिकवू नयेत. तो आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणूनच सांगतो की, पवित्र संगीताच्या इतिहासात ज्याच्या तोडीचा दुसरा नाही, तो योहान सेबास्टियन बाख १७३० साली लायप्झिगहून आपल्या एका जुन्या शाळूसोबत्याला पत्र लिहितो आणि त्यात काय असते? शहर महाग आहे, वरिष्ठ चमत्कारिक आहेत आणि हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात, त्यामुळे प्राप्ती घटते, अशी सरळ तक्रार. गेल्या वर्षी त्यापायी किती थालर बुडाले हा आकडाही त्याने दिला आहे. ही तक्रार वाचून त्याचे संगीत आम्हांला तसूभरही कमी पवित्र वाटले नाही. मायकेलअँजेलोची गोष्ट तर आमच्याच घरची. १५०५ साली पोप दुसरे ज्युलियस यांनी आपल्या समाधीचे काम त्याला दिले. त्याने कॅराराच्या खाणींतून संगमरवर काढवून रोमला आणवला आणि त्याचे पैसे मागायला गेला, तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवण्यात आले. एप्रिल १५०६ मध्ये तो सरळ रोम सोडून फ्लॉरेन्सला निघून गेला. पोपमहाशयांना त्याला पुन्हा बोलवावे लागले. सिस्टीन चॅपेलचे छत त्यानंतरचे आहे. कच्चा माल स्वतःच्या खिशातून भरायचा आणि मोबदल्यासाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळायचे, ही शिल्पकाराची अडचण पाचशे वर्षांची जुनी आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा १९२८ साली उभा केला. अशा कामात मातीचा नमुना, प्लास्टरचा साचा, धातूचे ओतकाम असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला पैसा आधी लागतो. कोणत्या टप्प्याला किती हप्ता मिळेल हे कागदावर नसेल, तर शिल्पकार आपल्याच पुतळ्याचा सावकार होऊन बसतो, तोही बिनव्याजी.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. बाजार शिरला की कला बिघडते, असे काही विचारी लोक म्हणतात. बिघडू शकते, आम्ही नाकारीत नाही. जाखडीच्या नावाखाली अलीकडे कानठळ्या बसवणारा जो प्रकार चालतो, तो आम्हीही ऐकतो. परंतु बाजार कुठे नव्हता? नारायणगावला यात्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, तारीख आणि सुपारी ठरवतात, विसार देतात. हा उघड बाजार आहे आणि त्यानेच तमाशा जगवला. त्यातला दोष निराळा आहे. फडमालकाला व्यवहार कळतो, कलावंताला कळत नाही. दसऱ्याला हंगाम सुरू होण्यापूर्वी कलावंत उचल घेतो, ती फेडण्यात बुद्धपौर्णिमेपर्यंतचा हंगाम जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा मालकही कर्जात गेले आणि कलावंत तर रस्त्यावर आले.

आमच्या वाचकांना तियात्र ठाऊक आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकासिन्हो रिबेरो यांनी 'इटालियन भुर्गो' सादर केला. एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर ते हिंडले होते आणि तिच्याकडून विकत घेतलेले पोशाख या प्रयोगासाठी कामी आले. म्हणजे तियात्राचा जन्मच मुळी खरेदीविक्रीच्या एका चोख व्यवहारातून झाला आहे! खलाशी, आचारी, आया यांनी तिकीट काढून ही कला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगवली. प्रयोग विकत घेणारा कंत्राटदार आणि प्रयोग विकणारा तियात्रिस्त यांच्यातला सौदा तिथे कुणी लपवीत नाही. प्रभात फिल्म कंपनीचेही तेच. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या कलावंतांनी सीतारामपंत कुलकर्णी या सराफाला बरोबरीचा भागीदार करून घेतले. सराफ घरात घेतल्याने 'संत तुकाराम' हा चित्रपट बिघडला असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

आता कलावंताने शिकायचे ते काय? फार मोठी विद्या नाही ती. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. आपल्या गाण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. तोंडी दिलेला हक्क दिला असे होत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचाच धरला जातो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना असे संरक्षण दिले की, ध्वनिमुद्रणाचा हक्क विकला तरी त्यांचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा होतो. हे माहीत नसलेला चित्रकार आपलेच चित्र दुसऱ्याच्या कॅलेंडरावर पाहतो आणि नशिबाला बोल लावतो. आमच्या डोंगरातल्या एका शाहिराने दोन हजार सालानंतर मुंबईत आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. ठोक रक्कम मिळाली, कुठल्याशा कागदावर सही झाली. सीडीचा जमाना गेला, आता ती गाणी यूट्यूबवर वाजतात. त्या कागदाची प्रत त्यांच्यापाशी नाही. पाच वर्षे की कायमचे, हा प्रश्न आता त्यांनी कुणाला विचारावा?

तीच गोष्ट कराची. कार्यक्रम ठरवणारी संस्था व्यावसायिक शुल्कातून साधारणपणे दहा टक्के कर कापून सरकारात भरते. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही त्याला विवरणपत्र भरून ही रक्कम परत मागता येते. ती न मागणाऱ्यांत कलावंतांचा भरणा मोठा असावा, कारण 'पैसे कापले' एवढेच त्यांना कळते, ते कुठे गेले हे नाही.

गणपती घडवणाऱ्यांची कथा वेगळी, कारण त्यांचा माल हातात धरता येतो. तरीही २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आठवा. त्या वर्षी गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला होती. पुराच्या वेळी कारखान्यांत मूर्ती सुकत असतात, रंगकाम सुरू असते, माती-रंग उधारीवर आणलेले असतात आणि वर्षाचे सारे भांडवल त्या चार भिंतींत असते. पंचनाम्याला आलेला माणूस विचारतो, किती मूर्ती होत्या, किमतीच्या, कुणाच्या मागणीच्या? ज्याच्यापाशी वही आहे, तो वही पुढे करतो. ज्याच्यापाशी नाही, त्याने चिखलाकडे बोट दाखवायचे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत मूर्तिकार आणि कुंभार आहेत. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख अशी कर्जाची सोय आहे. ढोलकी वाजवणारा त्या यादीत नाही, हे आम्हांला खटकते. पण जो आहे, त्याने तरी ती सोय सोडू नये.

वृद्ध कलावंतांसाठी शासनाचे जे मासिक मानधन आहे (पुन्हा तोच शब्द!), ते २०२४ साली सरसकट पाच हजार रुपये झाले. त्यासाठी इतकी वर्षे कला सादर केल्याचे पुरावे लागतात. हस्तपत्रके, कात्रणे, प्रमाणपत्रे, पावत्या. चाळीस वर्षे शिमग्यात आणि गणपतीत नाचलेल्या माणसापाशी यांतले काय असणार? पायांतले घुंगरू? अर्जाला घुंगरू जोडता येत नाहीत.

कुणी म्हणेल, कलावंताने हे सारे स्वतः कशाला करावे, एखादा व्यवस्थापक ठेवावा. जरूर ठेवावा. परंतु ज्याला हिशेब वाचता येत नाही, त्याने नेमलेला व्यवस्थापक म्हणजे कुलपाशिवायची तिजोरी. मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून जी कलाशाळा निघाली, तिच्या मूळ नावात कलेबरोबर उद्योगही होता. पुढे उद्योग गळाला, कला उरली. आमच्या गावच्या शाळेत पोवाडा बसवून घेणाऱ्या गुरुजींनी त्याच तासाला मुलांकडून खर्चाचे अंदाजपत्रकही लिहून घेतले, तर कोणाचे काही बिघडेल असे आम्हांला वाटत नाही.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे वळतो, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याला उपदेश होईल. धर्मग्रामाच्या सणाला बँड येतो, वेदी सजवणारा येतो, नवे गीत रचणारा तरुण येतो, नाताळच्या गोठ्याची चित्रे रंगवणारी मुलगी येते. फुलांचे आणि फटाक्यांचे पैसे त्याच दिवशी दिले जातात. बँडवाल्यांना 'पुढच्या रविवारी या' असे सांगितले जाते, आणि चित्रे रंगवणाऱ्या मुलीला 'देव तुझे भले करो' असे. देव करीलच, पण रंगांच्या दुकानदाराला आशीर्वाद चालत नाहीत. सण समित्यांना आमची सूचना अशी आहे की, काम सांगतानाच रक्कम सांगावी, ती दोन ओळींच्या कागदावर लिहावी, निम्मी आगाऊ द्यावी आणि उरलेली मिरवणूक देवळात परतल्यावर, बँडवाले वाद्ये पेटीत ठेवीत असतानाच हातात ठेवावी. पाकिटात नव्हे, मोजून, आणि पावती घेऊन. ज्याला आपले मानधन धर्मग्रामाला परत अर्पण करायचे असेल, त्याने ते दानपेटीत खुशाल टाकावे. ते आधी त्याचे झालेले असावे, इतकेच.